सिलिंडर किती आणि कसे मांडावेत?

श्रोतेहो, नमस्कार. मोटार घ्यायला गेलेला माणूस इंजिन किती सीसीचे आहे आणि गाडी लिटरमागे किती जाते, हे हटकून विचारतो. सिलिंडर (ज्यांत इंधन जळते ती नळकांडी) किती आहेत आणि ते एका ओळीत आहेत की इंग्रजी 'व्ही'च्या आकारात, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक अभियंत्यांच्या चार-पाच पिढ्यांनी याच प्रश्नावर डोके झिजवले आहे. ताकद वाढवणे हा त्यांच्या खटाटोपातला सोपा भाग होता. खरी डोकेदुखी होती ती थरथरीची.

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत एकच सिलिंडर होता. आकार ९५४ सीसी आणि ताकद एका अश्वशक्तीहूनही कमी. निकोलाऊस ओटो यांनी १८७६ मध्ये सिद्ध केलेल्या चार स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या चार चालींच्या, पद्धतीत क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमागे पिस्टनला, म्हणजे सिलिंडरात सरकणाऱ्या दट्ट्याला, एकदाच रेटा मिळतो. उरलेला वेळ फ्लायव्हील या जड चाकाच्या जोरावर निभावून न्यावा लागतो. सिलिंडर वाढवले की रेटे जवळजवळ येतात आणि चाल सलग होते, हे उघडच होते. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८९ मध्ये दोन सिलिंडर अवघ्या १७ अंशांच्या कोनात मांडले. पुढे बेंझ यांनी दोन सिलिंडर समोरासमोर आडवे ठेवले. त्यात दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, त्यामुळे एकाचा झटका दुसरा मारतो. फोक्सवॅगनची बीटल, पोर्शेची ९११ आणि सुबारूच्या गाड्या याच वळणाच्या. मात्र असे इंजिन रुंदीला जागा फार खाते.

सर्वसामान्यांच्या वाट्याला आले ते ओळीतल्या चार सिलिंडरांचे इंजिन. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये चारही सिलिंडर एकाच ओतीव ब्लॉकमध्ये होते आणि हेड, म्हणजे वरचे झाकण, वेगळे काढता येत असे. करायला स्वस्त, दुरुस्तीला सोपे. शिवाय पहिला आणि चौथा पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली असतो, म्हणून तोल आपोआप साधला जाईल असे कोणालाही वाटावे. पण तसे होत नाही, आणि का होत नाही हे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. समजा, पिस्टनची पूर्ण चाल ८० मिलिमीटर आहे आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड १३० मिलिमीटर लांबीचा आहे. क्रँक पाव फेरी फिरला की वरचा पिस्टन निम्मे, म्हणजे ४० मिलिमीटर, खाली यायला हवा. पण रॉड तिरका झाल्यामुळे तो सुमारे ४६ मिलिमीटर उतरलेला असतो. खालून निघालेली जोडी तेवढ्याच वेळात जेमतेम ३४ मिलिमीटर चढलेली असते. परिणामी चारही पिस्टनांचा मिळून गुरुत्वमध्य जागच्या जागी न राहता दर फेरीत दोनदा सहा मिलिमीटर खाली जाऊन वर येतो. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर हे हेलकावे सेकंदाला शंभर होतात, आणि फेऱ्या दुप्पट झाल्या की त्यांचा जोर चौपट होतो. लहान इंजिनात हे खपून जाते. दोन लिटरच्या पुढे मात्र ते स्टिअरिंगपर्यंत पोहोचते.

यावर इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी काढलेला तोडगा मला फार देखणा वाटतो. क्रँकच्या दुप्पट वेगाने एकमेकांच्या उलट फिरणारे, एका बाजूला जड असलेले दोन दांडे त्यांनी इंजिनात बसवले. ते दांडे नेमक्या उलट वेळी उलट दिशेने ओढतात आणि हेलकावा तिथल्या तिथे जिरतो. ही युक्ती बराच काळ बाजूला पडली होती. १९७० च्या दशकात मित्सुबिशीने ती नव्याने विकसित केली, आणि पोर्शेसारख्या कंपनीलाही आपल्या ९४४ साठी तिच्याकडून परवाना घ्यावा लागला.

ओळीतल्या सहा सिलिंडरांना असल्या दांड्यांची गरजच पडत नाही. तिथे हे सारे झटके एकमेकांना पूर्णपणे छेद देतात. १९०६ ची सात लिटरची रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट ज्या शांतपणासाठी नावाजली गेली, त्याचे मूळ याच मांडणीत होते. अडचण लांबीची. लांब क्रँक पिळवटतो, आणि बॉनेटही लांबच लांब होते. म्हणून 'व्ही' मांडणीला मागणी आली. कॅडिलॅकने १९१४ मध्ये आठ सिलिंडरांचे व्ही इंजिन बाजारात आणले, पण त्याचा क्रँक चार सिलिंडरांच्या इंजिनासारखाच सपाट, म्हणजे सगळे हात एकाच पातळीत असलेला, होता आणि त्यामुळे ते आडवे थरथरत असे. क्रँकचे हात एकमेकांशी काटकोनात वळवून ते १९२३ मध्ये शांत केले गेले. १९३२ मध्ये फोर्डने हेच आठ सिलिंडर एकाच ओतीव ब्लॉकमध्ये बसवून स्वस्तात विकले. युरोपात लान्चा कंपनीने १९५० च्या ऑरेलिया गाडीत सहा सिलिंडर ६० अंशांच्या 'व्ही'त मांडले.

मांडणीवर शेवटचा शब्द कोणाचाच नसतो, याचे उत्तम उदाहरण मर्सिडीजचे आहे. ओळीतल्या सहा सिलिंडरांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने १९९७ मध्ये ती मांडणी सोडून व्ही-६ स्वीकारले. कोन मात्र ९० अंशांचा ठेवला, कारण तेच कारखाने व्ही-८ ही बनवणार होते. आणि त्या कोनात सहा सिलिंडरांचा तोल बिघडतो म्हणून लँचेस्टर यांच्या दांड्यांसारखा समतोल दांडा आत घालावा लागला. २०१७ मध्ये कंपनी पुन्हा ओळीकडे वळली. ४८ व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या जोडयंत्रांमुळे (पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर वगैरे) इंजिनाच्या तोंडाशी असणारे पट्टे गेले, तेवढी लांबी वाचली, आणि टर्बो व धूर शुद्ध करणारी यंत्रणा एकाच बाजूला इंजिनाला चिकटून बसवता आली.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न अभियंत्यांइतकाच अर्थखात्यानेही सोडवला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना करात सवलत दिली. सिलिंडर किती असावेत, याबद्दल त्यात अक्षरही नव्हते. पण १२०० सीसीचे चार भाग केले तर एकेक सिलिंडर ३०० सीसीचा होतो आणि घर्षणात व भिंतींतून निसटणाऱ्या उष्णतेत इंधन अधिक वाया जाते. तीन भाग केले तर ४०० सीसीचा सिलिंडर मिळतो, पिस्टन आणि व्हॉल्व्ह कमी लागतात, खर्चही वाचतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनीचे १०८९ सीसी चार सिलिंडरांत वाटलेले होते. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने तीन सिलिंडरांची सवय लावली, आणि आज बाराशे सीसीच्या कितीतरी गाड्या तिनांवरच चालतात.

तीन सिलिंडरांत वर-खालीचे झटके एकमेकांना जिरवतात, पण पहिला आणि तिसरा पिस्टन इंजिनाची दोन टोके सी-सॉसारखी आळीपाळीने उचलतात. त्यावर समतोल दांडा हा एक उपाय आहे. पण खर्च वाचवण्यासाठी बहुतेक कंपन्या इंजिनाखालच्या रबरी माउंटिंगवर भिस्त ठेवतात. रबर कालांतराने कडक होते. म्हणून तीन सिलिंडरांची जुनी गाडी घेणाऱ्याने ती उभी असताना एसी चालू करावा, इंजिन मंद चालू ठेवावे आणि गियरच्या दांड्यावर हात ठेवून पाहावे. थरथर दांड्यापुरतीच न राहता आसनातही जाणवू लागली, तर माउंटिंग बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा. नमस्कार.