वेताळाची कवटी नेमकी कुठल्या गालावर? इंद्रजालमधले बारके खलनायक

नमस्कार मंडळी! पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या घरांत माळ्यावरच्या ट्रंका उघडतात आणि आपल्याकडे तोच प्रश्न येतो. इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक सापडलेत, त्यात वेताळाचा मार खाणारे ते बारके खलनायक कोण होते? आज त्यांच्याबद्दलच बोलू.

प्राथमिक माहिती झटपट. वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम, जंगलात राहून गुन्हेगारांशी लढणारा मुखवट्यातला नायक. १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज एक चित्रपट्टी यायची. त्याच्या कथा आपल्याकडे छापणारं इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये निघालं, १९९० मध्ये बंद पडलं. झालं.

'वेताळ' हे नाव ज्यांनी निवडलं, त्यांना मात्र मनापासून दाद. मूळ इंग्रजीत त्याला चालतं भूत म्हणतात. आपल्याकडे आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. हे ठाऊक असलेल्या वाचकाला वेताळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि खलनायकही लगेच कळतो: बाहेरून आलेला, 'भूतबित काही नसतं' असं म्हणत जंगलात शिरणारा. हिरे चोरणारा असो, शिकारी असो, या माणसाचं काम एकच. त्यानं विश्वास ठेवायचा नाही. तो नसेल तर दंतकथेला धार येत नाही, म्हणून मला हे बारके खलनायक मोलाचे वाटतात.

आता कवटीची खूण, म्हणजे वेताळाच्या ठोशानं त्याच्या अंगठीतली कवटी खलनायकाच्या गालावर उमटते ती. इथे बहुतेक जण चुकतात, म्हणून सावकाश सांगते. वेताळाच्या दोन अंगठ्या. कवटीची उजव्या हातात, शुभचिन्हाची डाव्या हातात. ठोसा उजव्या हाताचा. समोरासमोर उभ्या माणसाला उजव्या हातानं मारलं तर ते त्याच्या डाव्या गालावर बसतं. म्हणजे खूण खलनायकाच्या डाव्या गालावर.

'पण चित्रात तर उजवीकडे दिसते' अशा कमेंट येतात. बरोबर, दिसणारच! तो माणूस आपल्याकडे तोंड करून आहे. त्याचा डावा गाल म्हणजे पानाची उजवी बाजू. आरशातल्यासारखं नाही, समोर बसलेल्या माणसासारखं बघा.

तिसऱ्या बाजूनं ताडून पाहा. शुभचिन्ह डाव्या हातात, कारण ते हृदयाच्या जवळ. ते संरक्षणासाठी दिलं जातं, गुन्हेगाराच्या गालावर नाही. तेव्हा ठोशाच्या चौकटीत डावा हात दिसला, तर आधी वेताळाची पाठ आपल्याकडे आहे का ते बघा. पाठ असेल तर त्याचा उजवा हात पानाच्याही उजवीकडेच येतो. तरीही जुळत नसेल, तर उलट्या हाताचा फटका असेल किंवा चित्रकाराची चूक.

आणखी एक घोळ. वर्तमानपत्रातली पट्टी आडवी, पुस्तकाचं पान उभं. पानात बसवताना चौकटी कातरल्या गेल्या, काही गाळल्या गेल्या. कडेला उभा असलेला हस्तक आधी उडतो. त्यामुळे एखादा गुंड मध्येच गायब झाला तर कथेत शोधू नका, कात्रीत गेला असेल. आणि गालावरचा तपकिरी ठिपका म्हणजे खूण नव्हे, ती दमट हवेची करामत. खरी खूण काळ्या शाईच्या रेघेत असते.

आता मंडळी कोण कोण? पहिल्याच कथेत समुद्राखाली तळ असलेली सिंग चाच्यांची टोळी, म्होरक्या कबाई सिंग. इंद्रजालनं त्यांचं 'सिंगा' केलं, जसं वेताळाच्या देशाचं, बंगालाचं, 'डेंकाली' केलं. भारतातल्या खऱ्या नावांशी गल्लत नको म्हणून. काही जण त्यांना आंग्र्यांशी जोडतात. नका जोडू! चाच्यांशी लढायची वेताळाच्या घराण्याची शपथ १५३६ ची, कान्होजी गेले १७२९ ला. शिवाय कान्होजी मराठ्यांचे सरखेल, त्यांना चाचे म्हणणारे इंग्रज होते. सिंगा टोळी निव्वळ कल्पनेतली.

लगेच दुसऱ्या कथेत विमानातून लूट करणारी बायकांची टोळी येते. त्यातली साला वेताळाच्या प्रेमात पडते आणि टोळीच्याच विरुद्ध जाते. माझ्या मते सगळ्यांत नीट रंगवलेली बारकी खलनायिका हीच. जनरल बाबाबू वेगळा, त्याला लूट नको, सत्ता हवी. वेताळाच्या देशाचे अध्यक्ष डॉ. लुआगा यांच्या निवडणुकीवर उठलेला हा हुकूमशहा साय बॅरीच्या चित्रांत बघा. आधीच्या विल्सन मॅकॉयच्या रेघा साध्या, तिथे खलनायक बहुधा जबड्यावरून ओळखावा लागतो.

शेवटी अंक हाताळण्याबद्दल. खाऱ्या हवेत पिना गंजतात. अंक पुरता सपाट उघडू नका, काटकोनापर्यंतच. गंजलेली पीन बाहेरून ओढली तर कागद फाटतो. मधलं पान उघडा, बोथट पातळ सुरीनं पिनेचे दोन्ही पाय सरळ उभे करा, मग कण्याच्या बाजूनं अलगद काढा. गंजाची पूड कोरड्या मऊ ब्रशनं झटका, ओलं फडकं नको. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आतल्या बाजूला सैल गाठ मारा. सेलोटेप अजिबात नको, तिचा डिंक पिवळा पडून चित्रात उतरतो.