ऑनलाइन पदवी आणि नोकरीचा अर्ज

श्रोतेहो, नमस्कार.

ऑनलाइन पदवी घेतलेल्या अनेकांच्या मनात एकच धास्ती असते: 'ऑनलाइन' हा शब्द दिसला की आपला अर्ज बाजूला पडणार. पण नोकरी देणाऱ्याच्या शंका बहुधा वेगळ्याच असतात. विद्यापीठ खरं आहे का? परीक्षा याच उमेदवारानं दिली का? आणि याला काम येतं का? या तिन्हींची उत्तरं अर्ज करण्याआधीच तयार ठेवा.

पहिली गोष्ट मान्यतेची. जिथे नोकरी करायची, तिथल्या शिक्षण नियामकाच्या अधिकृत यादीत विद्यापीठाचं नाव तर शोधाच, पण तुमच्या अभ्यासक्रमाचंही शोधा. विद्यापीठ मान्यताप्राप्त, पण तो विषय ऑनलाइन शिकवायची परवानगीच नाही, असंही घडतं. नर्सिंग, वकिली, शिक्षकी अशा पेशांत बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष सरावाचे तास किंवा वेगळी परीक्षा लागते, नुसत्या पदवीवर परवाना मिळत नाही. परदेशी अर्ज करताना कागदांवर अपोस्टिल, म्हणजे त्यांवरची सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, लागू शकतं. ते १९६१च्या हेग करारातल्या देशांत चालतं, इतर देशांसाठी वकिलातीतून साक्षांकन करून घ्यावं लागतं.

आता बायोडेटा. दोन रकाने, तक्ते, चित्रात बसवलेला मजकूर, हे सगळं देखणं दिसतं खरं, पण अर्ज चाळणाऱ्या संगणकाचा त्यात गोंधळ उडू शकतो. घरबसल्या तपासा: पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळींचा क्रम विस्कटला, फोन नंबर गायब झाला, तर तो बायोडेटा पाठवू नका. एका रकान्यात, साध्या मथळ्यांखाली पुन्हा लिहा.

पदवीपुढे 'ऑनलाइन' लिहायचं का? प्रमाणपत्रावर पदवीचं नाव जसं छापलंय तसंच लिहा. अर्जात शिक्षणाची पद्धत विचारली असेल, तर मात्र खरी तीच सांगा. लपवलेली गोष्ट पडताळणीत उघडी पडली, तर हातातली नोकरीही जाते.

पडताळणीत अर्ज अडकतो तो बऱ्याचदा अगदी किरकोळ कारणानं. ओळखपत्रावर वडिलांचं नाव आहे, पदवीवर नाही. किंवा शेवटच्या परीक्षेचं वर्ष लिहिलं आणि पदवी पुढच्या वर्षी मिळाली. प्रमाणपत्रावरची तारीखच लिहा. नावातला फरक पदवी घेतानाच विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या, नंतर त्याला महिने लागू शकतात. विद्यापीठातल्या पदवी पडताळणी करणाऱ्या विभागाचा ईमेलही नोंदवून ठेवा.

नोकरीसाठी तुमची शिफारस करणारे शिक्षक मिळणं ही ऑनलाइन शिकणाऱ्यांची खरी अडचण. शेकडो विद्यार्थ्यांत त्यांना तुमचा चेहरा आठवत नाही. म्हणून निकाल लागल्यावर लगेच, ज्यांनी प्रकल्प तपासला त्यांनाच शिफारशीसाठी लिहा. प्रकल्पाचं नाव, सत्र, गुण आणि तुमचा अहवाल सोबत जोडा.

कामाचे दोन-तीन पूर्ण नमुनेही हवेत. प्रत्येकाखाली तीन ओळी पुरेत: अडचण काय होती, तुम्ही काय केलं, फरक काय पडला. गटानं केलं असेल, तर तुमचा वाटा वेगळा सांगा.

मुलाखतीत परीक्षेबद्दल हमखास विचारतात. तेव्हा बचाव करत बसू नका. कॅमेऱ्यासमोर दिली की केंद्रावर जाऊन, ओळख कशी तपासली, प्रात्यक्षिकं कुठे झाली, हे मिनिटभरात सांगा आणि लगेच कामाचा नमुना समोर ठेवा.