घंटी आहे, हात पोचत नाही

(ज्येष्ठ नागरिक संघातील व्याख्यानाचा संपादित अंश)

‘तिकडे नर्सिंग होममध्ये जाऊन तुम्ही करता काय?’ असं इथे पुण्यात कुणी विचारलं, की मी सांगते, आधी घंटी कुठे आहे ते बघते. आपल्याकडचं बाळंतपणाचं नर्सिंग होम नव्हे हं! अमेरिकेत त्या नावाच्या जागी थकलेली, आजारी माणसं वर्षानुवर्षं राहतात. प्रत्येक खाटेपाशी मदतीला बोलवायची घंटी असते. ती कधी पलंगामागे पडलेली असते, कधी अर्धांगवायू झालेल्या हाताच्या बाजूला अडकवलेली. घंटी आहे, पण हात पोचत नाही.

आमच्या कामाला ऑम्बुड्समन कार्यक्रम म्हणतात. शब्द स्वीडनचा, अर्थ साधारण ‘प्रतिनिधी’. अमेरिकेत १९७२मध्ये काही राज्यांत प्रयोग म्हणून तो सुरू झाला आणि १९७८पासून कायद्यानं प्रत्येक राज्याला सक्तीचा झाला. माझ्यासारखे स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊन दर आठवड्याला चक्कर मारतात. आम्ही तपासनीस नव्हे, दंड करत नाही. राहणाऱ्याला काय हवंय ते त्याच्या वतीनं मांडायचं, एवढंच. १९८७च्या कायद्यानं तिथे राहणाऱ्यांना हक्क दिलेत: कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवायचं नाही, टपाल फोडायचं नाही, बाहेर काढायचं तर एरवी ३० दिवस आधी लेखी कळवायचं.

पण हे हक्क वापरायचे कुणी? एक आजी होत्या, ऐंशी पार केलेल्या. पहाटे पाचला त्यांना उठवून खुर्चीत बसवत आणि नाश्ता यायचा आठला. कारण साधं, रात्रपाळीनं जाण्याआधी इतक्या जणांना ‘तयार’ करायचंच. तीन तास मान खाली घालून त्या बसलेल्या असत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आत्ता बोलते. तर म्हणाल्या, ‘नको गं. जी उठवते, तीच मला आंघोळ घालते.’

संमतीशिवाय तक्रार पुढे न्यायची नाही, नाव फोडायचं नाही, अगदी त्यांच्या मुलालाही सांगायचं नाही, असा आमचा नियम. प्रशिक्षणात तो सोपा वाटला होता. चार आठवडे मी नुसती जाऊन बसले. हवेच्या गप्पा, त्यांच्या कुत्र्याच्या गप्पा. पाचव्या खेपेला त्या आपणहून म्हणाल्या, ‘आता सांग. पण मी तिथे असले पाहिजे.’

प्रत्येकाच्या देखभालीचा लेखी आराखडा असतो, तो ठरवायच्या बैठकीला राहणाऱ्याला बसता येतं. यांना कुणी बोलावलंच नव्हतं! मी खुर्ची ढकलत घेऊन गेले. टेबलाभोवती चौघं, सगळे माझ्याकडे बघून बोलायला लागले. मी आजींकडे बोट केलं. त्या हळू, पण स्पष्ट म्हणाल्या, ‘मला साडेसातपर्यंत झोपायचंय.’

लिहून घेतलं गेलं. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा सकाळचे सात वाजलेले, आजी पांघरुणात. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि विचारलं, ‘ती बैठक माझी पण असते का?’