जर्मनीतली चोवीस तारीख

(दृश्य: तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग. सकाळ. औषध फवारणाऱ्या ब्लोअरचा आवाज हळूहळू कमी होतो.)

डिसेंबर हा इथं झोप उडवणारा महिना. ऑक्टोबर छाटणीच्या बागा भरात आलेल्या असतात. आभाळ जरा दाटून आलं की सगळ्यांच्या माना वर जातात. एक पाऊस पडला की दावण्या रोग, मणी तडकणं, वर पुन्हा औषधांचा खर्च. नाताळ म्हणजे पोरांच्या शाळेला सुट्टी, त्यापलीकडं या गावाला त्याचं काही देणंघेणं नाही.

या एका घराला मात्र आहे. थोरला मुलगा जर्मनीत असतो, स्टुटगार्टजवळ. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि तेव्हापासून आपल्याकडं जर्मनीचं नाव पारावरही निघायला लागलं. हा त्याच्या आधीच गेलेला. तिथं एम.एस. केलं आणि तिथंच यंत्रांच्या कारखान्यात चिकटला.

(दृश्य: मुलानं मोबाईलवर काढलेलं चित्रण. लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, गर्दी.)

पहिल्या वर्षी त्याला वाटलं, नाताळ म्हणजे त्यांची दिवाळी. वाटण्यासारखंच होतं. नोव्हेंबरच्या शेवटापासून गावाच्या चौकात जत्रा भरलेली. लाकडी टपऱ्या, भाजलेले गोड बदाम, मसाला घातलेली गरम वाइन, हातात पाव आणि सॉसेज. संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो, त्यामुळे दिवे आणखीच उठून दिसतात. हे सगळं चोवीस तारखेला टिपेला जाणार, असा त्याचा हिशोब.

चोवीसला संध्याकाळी तो कॅमेरा घेऊन बाहेर पडला. चौक रिकामा. टपऱ्या उतरवलेल्या. त्यांच्याकडं बऱ्याच गावांतला नाताळबाजार तेवीस-चोवीसलाच आटोपतो. चोवीसला दुकानं दुपारी दोनपर्यंत बंद होतात. पंचवीस आणि सव्वीस सरकारी सुट्टी. त्यात पुढं रविवार लागला तर तोही बंदच, कारण तिथं रविवारी बाजार नसतोच. पेट्रोल पंप आणि मोठ्या स्टेशनातली एखाददुसरी दुकानं तेवढी उघडी. बर्फही नव्हता, नुसती झिमझिम. आणि भाजी आणायची राहून गेलेली.

ते दोन दिवस त्यानं भात, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीच्या भडंगावर काढले. बॅगेतून नेलेलं भडंग. आई आजही ते सांगताना पदर तोंडाला लावते, हसू दाबायला की आणखी कशाला, आम्हाला कळलं नाही.

(दृश्य: सांगली, हरभट रोड. दिवाळीतलं चित्रण.)

दिवाळीच्या दिवसांत सांगलीत कुणी नवखा माणूस हरभट रोडवर नुसता उभा राहिला, तरी तो सणात असतो. आकाशकंदील, पणत्या, रांगोळीचे ढीग, रात्री उशिरापर्यंत कपड्याच्या दुकानात चाललेली घासाघीस. ओळखदेख नसली तरी कुणीतरी धक्का मारून जातंच. जर्मनीत महिनाभर सण रस्त्यावर असतो आणि नेमक्या त्या रात्री तो घरात जातो. खिडकीतून झाडावरचे दिवे दिसतात, तेवढेच. या मुलाला कुणी हाकललं नाही. पण ती रात्र घरच्या माणसांची, तिथं सहज कुणी कुणाकडं डोकावत नाही. चर्च उघडं असतं, कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसावं, पण हे त्याला तेव्हा सुचलं नाही. परदेशी माणसाला सण परका वाटतो असं आपण म्हणतो. आम्हाला वाटतं, सण फारसा परका नसतोच, पाहुणा म्हणून आत कसं जायचं हे माहीत नसतं.

(दृश्य: मिरज. वानलेसवाडीची पाटी. मग दवाखान्याचा जुना भाग.)

याच्या अगदी उलटं मिरजेत घडून गेलं आहे. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडं आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. त्यांच्यामागून किती परदेशी डॉक्टर आणि नर्सेस इथं राहून गेल्या. त्यांच्या नाताळानं इथल्या दुकानाची एक फळीही पडत नव्हती. बाजार चालू, शेतं चालू, दुपारी ऊन, आणि पेशंटना तारीख-वार कळत नाही. गावात एकटाच सण साजरा करायचा, हा अनुभव त्यांच्याही वाट्याला आला असणार.

पण इथं नाताळ परका राहिला नाही. याचं बरंच श्रेय कवी नारायण वामन टिळकांना. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, आणि अखेरच्या काळात, १९१७ साली, त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांनी येशूवर अभंग लिहिले, अगदी तुकोबांच्या वळणाचे. ते आजही मराठी चर्चमध्ये गायले जातात.

(दृश्य: मिरजेतलं एक स्वयंपाकघर. कातणं करंजीच्या कडेवरून फिरतं.)

या घरात नाताळचा फराळ चाललाय. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. आम्ही कॅमेरा लावला तर बाई म्हणाल्या, “आधी खाऊन घ्या, मग काय ते शूटिंग करा.” फराळाची ताटं झाकून शेजारी निघाली. शेजारी दिवाळी करणारे आहेत आणि ईद करणारेही. ताट रिकामं परत येत नाही, निदान साखर तरी येते.

(दृश्य: पुन्हा मोबाईलवरचं चित्रण. एक लहानसा दिवाणखाना.)

दुसऱ्या वर्षी तासगावच्या या मुलाला कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं घरी बोलावलं. चोवीसची संध्याकाळ. याची पंचपक्वान्नांची तयारी. ताटात आलं बटाट्याचं सॅलड आणि उकडलेलं सॉसेज. त्याला वाटलं, आपल्याला परका म्हणून साधंच वाढलं. मग कळलं, त्या रात्री कितीतरी जर्मन घरांत हेच असतं. भाजलेलं बदक पंचवीसला.

कोपऱ्यात फरचं झाड. त्याला खऱ्या मेणबत्त्या लावलेल्या, आणि शेजारी पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची बादली, झाड पेटलंच तर म्हणून. दोन वर्षांत पाहिलेल्या सगळ्या झगमगाटापेक्षा ही बादली त्याला जास्त आवडली. भेटी एकेक करून उघडायच्या, सगळ्यांनी बघायचं. यानं भडंगाचा पुडा दिला होता. त्या घरातले आजोबा भडंगातला एकेक चुरमुरा बोटांच्या चिमटीत धरून खात बसले, बराच वेळ.

पंचवीसला सकाळी त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. तिथले नऊ म्हणजे इथले दीड. वडील बागेतच होते.

“जेवलास का?”

“व्हय आण्णा. ह्यो बघा, श्टोलन. त्यांचा नाताळचा केक.”

वरून पिठीसाखर, आत बेदाणा. घरात भाजलेला.

“जवळ धर की. बेदाणा कुठला हाय?”

मुलानं घरच्या बाईंकडून रिकामा पुडा मागून घेतला. तुर्कस्तान.

आण्णांचा चेहरा उतरला. मग आमच्या कॅमेऱ्याकडं वळून त्यांनी आम्हाला समजावलं. तुर्की माल उन्हात वाळतो, म्हणून तांबूस. आमचा शेडवर, जाळीवर, सावलीत वाळतो, म्हणून हिरवा राहतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही त्यांनी ऐकवलं, तारखेसकट. मग पुन्हा फोनकडं तोंड.

“किलोला काय दर पडतोय तितं?”

मुलानं सांगितला. रुपयांत करून सांगितला. पलीकडून बाई विचारत होत्या, काय झालं म्हणून.

“पुड्याचा फोटू काढ. दराची चिठ्ठी दिसली पाहिजे.”

तो फोटो आता तासगावच्या बेदाणा सौद्यात बऱ्याच जणांच्या मोबाईलवर फिरतोय. अडत्यांनीही बघितलाय. दर अजून वाढवलेला नाही.