किल्ली, बॅटरी आणि गाणी

[दृश्य: फोंडा, गॅरेजसमोरचं अंगण. ओम्नीचा डॅशबोर्ड उघडलेला.]

भजनी मंडळाची गाडी आहे ही. मागे पेटी, पखवाज, टाळांची पिशवी. पुढे डॅशबोर्डच्या पोटात आज एक संगणक बसतोय: रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, थोडक्यात ‘पाय’. ६५ बाय ३० मिलिमीटरची पट्टी, ५१२ एमबी रॅम. गाणी वाजवायला एवढं भरपूर झालं. चोर्ला घाटात रेंज गेली तरी अभंग अर्ध्यावर तुटत नाही, आणि दरमहा कुणाला वर्गणीही द्यावी लागत नाही.

कल्पना जुनीच. ब्रिटनच्या एम्पेगनं १९९९ साली लिनक्सवर चालणारा कार प्लेयर विकायला काढला, त्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क होती. त्या डिस्कला खड्ड्यांची भीती. आताच्या मेमरी कार्डाला खड्ड्यांचं काही नाही, त्याला भीती विजेची.

[दृश्य: मल्टिमीटरचा आकडा, जवळून.]

इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. चालू झालं की १४ च्या आसपास. पण सेल्फ मारताना, बघा, आकडा एकदम खाली बसतो. संगणकाला मात्र ठाम ५ व्होल्ट लागतात. त्यासाठी हे एलएम२५९६ चं बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं मोड्यूल. पाकिटावर ३ अँपिअर लिहिलेलं असतं, हीटसिंकशिवाय २ च धरा. पाय जोडण्याआधी आउटपुट ५.१ व्होल्टवर आणायचं. बारीक स्क्रू बरेच वेळा फिरवूनही आकडा हलत नाही, मग अचानक उतरायला लागतो. नव्या मोड्यूलचं आउटपुट बऱ्याचदा खूप वर ठेवलेलं असतं. न मोजता जोडलं तर पाय जागीच जळतो. बॅटरीकडून येणाऱ्या वायरला, बॅटरीच्या जवळच, ३ अँपिअरचा फ्यूज.

आता किल्ली. स्टिरिओमागे सहसा पिवळी वायर कायम चालू, लाल वायर किल्लीवर, काळी अर्थ. रंगावर विसंबू नका, मीटर लावून बघा. सगळं लाल वायरवर टाकणं सोपं, पण मग किल्ली काढताच संगणकाचा प्राण जातो आणि कार्डावरची फाइल अर्धवट लिहिलेली राहते. असं काही वेळा झालं की एके दिवशी तो चालूच होत नाही. म्हणून वीज पिवळीवरून घ्यायची, मध्ये ऑफ-डिले टायमर रिले, म्हणजे किल्ली गेल्यावर थोडं थांबून वीज तोडणारा स्विच, ४५ सेकंदांवर लावलेला. लाल वायर फक्त निरोप देते: एक रिलेला, दुसरा २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पीसी८१७ ऑप्टोकपलरला (हा निरोप प्रकाशातून पुढे देतो, गाडीची वीज पायपर्यंत जाऊ देत नाही), तिथून पायच्या एका पिनेला. किल्ली गेली, पायला कळलं, त्यानं आवरून घेतलं, मग रिलेनं वीज तोडली. वर ओव्हरले फाइल सिस्टिम (बदल कार्डाऐवजी रॅममध्ये ठेवणारी सोय) चालू केली की कार्डावर काही लिहिलंच जात नाही. अडचण एकच, एमपीडी हा वाजवणारा प्रोग्रॅम कुठलं गाणं चालू होतं ते विसरतो. त्याची स्टेट फाइल, म्हणजे ही नोंद, गाण्यांच्या पेनड्राइव्हच्या वेगळ्या छोट्या पार्टिशनवर ठेवावी.

[दृश्य: सोल्डरिंग, चाळीस पिना.]

पाय झीरोला ऑडिओ जॅक नसतो. आवाजासाठी पीसीएम५१०२ डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा बोर्ड. त्याची बीसीके पायच्या १२ नंबरच्या पिनेला, एलआरसीके ३५ ला, डेटा ४० ला. एससीकेचा पॅड अर्थला डागलेला हवा, नाहीतर खरखर. एवढं करूनही मुकाटच राहिला तर मागचे चार पॅड बघा. काही बोर्डांवर ते मोकळेच येतात आणि डॅक म्यूटमध्येच अडकतो.

[दृश्य: छोटा ओलेड पडदा. त्यावर ‘ज्ञानेश्वर’.]

साधा १६ अक्षरी एलसीडी देवनागरी दाखवतच नाही. म्हणून हा १२८ बाय ६४ चा ओलेड. त्यावरही पहिल्यांदा असं दिसतं: पाय मोडलेला ज, त्याच्या शेजारी सुटा ञ. ‘विठ्ठल’ मधली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसलेली. फॉन्टचा यात दोष नाही. अक्षरं चितारणारी पिलो लायब्ररी राक्म या जोड-लायब्ररीशिवाय जोडाक्षरं जुळवत नाही. राक्म टाकलं, आणि हे बघा. गाडीतल्या यंत्रानं नाव मराठीत आणि नीट दाखवावं, एवढा हट्ट करायलाच हवा.

[दृश्य: अर्थचा बोल्ट, हिरवी पडलेली तांब्याची तार.]

खारा वारा आणि चार महिने पाऊस, तार अशी होतेच. रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, दातेरी वॉशर घालून आवळायचं, वरून ग्रीस. स्पीकरमधून शिट्टी येते आणि रेसबरोबर चढते? पाय पॉवर बँकेवर चालवून बघा. शिट्टी गेली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडली गेलीय. पायची आणि अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ एकाच बोल्टवर घ्या, तरी भागलं नाही तर आवाजाच्या वायरमध्ये ग्राउंड आयसोलेटर. स्वस्तातला खर्ज खातो, तेवढं सोसायचं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे संगणकाचा डबा तिथे नको, डॅशबोर्डमध्येच. नव्या गाडीत वायरिंगला हात लावला की वॉरंटीचं बघावं लागतं, विम्याचंही.

[दृश्य: कॅसेट डेक, लॅपटॉप.]

राहिली गाणी. एका तासाची कॅसेट ४४.१ किलोहर्ट्झवर उतरवली की साधारण ६०० एमबी होते, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये, जवळपास निम्मी. १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशा साडेतीनशे कॅसेटी तरी मावतात. हेड आधी स्पिरिटनं पुसून घ्या.