खाऊन बघा, लिहून ठेवा

नमस्कार, श्रोतेहो.

ताश्कंदच्या जुन्या भागात चॉर्सू नावाचा बाजार आहे. वर मोठा निळा घुमट, आणि घुमटाच्या आतबाहेर मसाले, सुकामेवा, लोणची, तंदूरच्या गोल रोट्या, सगळं. उझबेक शिकायला लागून मला एक वर्ष झालं होतं. एका जर्दाळूवाल्यासमोर मी उभी होते. त्यानं ढिगातला एक जर्दाळू उचलला, दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला आणि म्हणाला, “येब कोरिंग, सिंगलिम.” सिंगलिम म्हणजे माझी धाकटी बहीण. येब म्हणजे खाऊन. कोरिंग म्हणजे बघा. आपल्या मंडईतला माणूस काय म्हणाला असता? “खाऊन बघा, ताई.”

मी खाऊन बघितला, पाव किलो घेतले. पैसे मोजताना तो शेजारच्या गाळ्यातल्या बाईंना माझ्याविषयी काहीतरी बोलला. त्यातला ‘हिंदीस्तॉन’ एवढा एकच शब्द मला लागला. बाकीचं वाक्य कानावरून गेलं. त्या वाक्याकडे मी शेवटी येणार आहे.

उझबेक ही तुर्की कुळातली भाषा. 3 कोटींहून जास्त लोक ती बोलतात. पहिल्या वर्षी ती सोपी वाटते. तीन लिंगांची कटकट नाही. तो, ती, ते, तिघांनाही ‘उ’ हा एकच शब्द. विभक्ती आपल्यासारख्याच शब्दाच्या शेपटीला लागतात. ताश्कंदला जायचं तर ‘तॉश्केंतगा’, ताश्कंदात राहायचं तर ‘तॉश्केंतदा’, ताश्कंदहून निघायचं तर ‘तॉश्केंतदान’. क्रियापद वाक्याच्या शेवटी. शिवाय फारसी-अरबीतून आलेले कितीतरी शब्द ओळखीचे: किताब तिथे ‘कितॉब’, बाजार ‘बॉझॉर’, दुकान ‘दोकॉन’, आणि हिशोब तर जवळजवळ जसाच्या तसा, ‘हिसॉब’. यातले काही दगा देतात. ‘साब्झी’ म्हणजे फक्त गाजर. ‘दाफ्तार’ म्हणजे वही. ‘पुल’ म्हणजे पैसा. हे एकदा चुकलं की परत चुकत नाही, म्हणून त्याची चिंता नको.

खरी अडचण दुसऱ्या वर्षी येते, विद्यापीठात ज्याला मध्यम पातळी म्हणतात तिथे. प्रत्यय पाठ झालेले असतात, हजारभर शब्द गाठीशी असतात, आणि तरी समोरचा माणूस जे बोलतो ते हातात येत नाही. कारण तो एका क्रियापदावर थांबत नाही. दोन जोडतो, कधी तीन. माझी पुस्तकं इंग्रजीतून लिहिलेली होती. त्यांत ‘क्रियेची पूर्णता दाखवणारं सहायक क्रियापद’, ‘क्रिया कर्त्याच्या फायद्यासाठी केल्याचं दाखवणारं सहायक क्रियापद’ अशा व्याख्या होत्या. मी त्या घोकत होते. परीक्षेत लिहितही होते. बोलताना मात्र एकही तोंडात येत नव्हती.

एका सकाळी आमच्या दॉम्लांनी, म्हणजे सरांनी, फळ्याकडे हात करून सांगितलं, “यॉझिब कोयिंग.” यॉझिब म्हणजे लिहून. कोयमाक म्हणजे ठेवणं. मी पेन उचललं आणि तशीच थांबले. कारण मला ते मराठीत ऐकू आलं होतं: लिहून ठेवा. आदल्या आठवड्यात त्यांनीच ‘यॉझिब ऑलिंग’ म्हटलं होतं. ऑलमाक म्हणजे घेणं. लिहून घ्या! कार्यालयातल्या बाईंना मी अर्जाबद्दल विनवलं होतं ते ‘यॉझिब बेरिंग’. बेरमाक म्हणजे देणं. लिहून द्या! बॉरिब केलिंग, जाऊन या. ऑलिब केलिंग, घेऊन या. सोराब कोरिंग, विचारून बघा. ओकिब चिकिंग, वाचून काढा; तिथे ‘काढणं’ नसून ‘बाहेर पडणं’ आहे, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायचं, हा भाव तोच.

श्रोतेहो, मराठी माणसाला लिहून घेणं आणि लिहून देणं यांतला फरक कुणी शिकवत नाही. तो आपल्याला चौथ्या वर्षीच येत असतो. तेवढं भांडवल जवळ असून मी ते बाजूला ठेवलं होतं आणि परक्या भाषेतल्या व्याख्यांवरून वाट शोधत होते. त्या दिवसापासून वहीच्या प्रत्येक पानावर मी एक उभी रेघ मारली. डावीकडे उझबेक, उजवीकडे मराठी. मध्ये दुसरं कुणी नाही.

माझ्या शेजारी एक कोरियन मुलगा बसायचा. मी त्याला वही दाखवली तेव्हा त्याचेही डोळे चमकले. कोरियनमध्येही पदार्थ ‘खाऊन बघतात’. खरा त्रास व्हायचा तो पुढच्या बाकावरच्या जर्मन मुलाला. फार कष्टाळू होता. एकदा तो उशिरा आला आणि म्हणाला, “उख्लादिम”, म्हणजे झोपलो. व्याकरण अगदी बरोबर. पण ऐकणाऱ्याला वाटावं, याला तासापेक्षा झोप प्रिय, म्हणून हा मुद्दाम झोपला. दॉम्लांनी प्रेमानं दुरुस्त केलं: “उख्लाब कॉलिबमान” म्हणावं. कॉलमाक म्हणजे राहणं. नकळत, मनात नसताना घडलं की हे क्रियापद पाठीमागे येतं. झोप लागून गेली मला, जाग आली तेव्हा कळलं. तो मुलगा ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

इथे मराठीवर डोळे झाकून विसंबता येत नाही, हेही सांगायला हवं. ‘आवतॉबुस केलिब कॉल्दी’ याचं शब्दशः मराठी ‘बस येऊन राहिली’ असं होतं. आमच्या विदर्भातल्या श्रोत्यांना वाटेल, येतेय अजून, वाटेत असेल. नाही. उझबेक माणूस हे म्हणाला की पिशवी उचलायची, बस आलीच.

आणखी एक छोटा शब्द, ‘देब’. देमाक म्हणजे म्हणणं, आणि देब म्हणजे म्हणून. ‘केलामान देब आयत्दी’, म्हणजे ‘येतो म्हणून सांगितलं’. इतकंच असतं तर नवल नव्हतं. पण आपण जसं ‘म्हणून’ हेतूसाठीही वापरतो, तसंच तेही वापरतात. ‘ओझ्बेक्चा ओर्गानाय देब केल्दिम’: उझबेक शिकावी म्हणून आले. शब्दाला शब्द लावून बघा. एकही जागा हलत नाही. तुर्की कुळातली एक भाषा आणि संस्कृतातून उतरलेली आपली, दोघींचा रक्ताचा संबंध नाही, आणि दोघींनी ‘म्हणणं’ या एकाच क्रियापदाला एकसारखं कामाला लावलंय.

लिपीचं थोडक्यात सांगते. एका शतकात या भाषेनं अरबी लिपी सोडून 1929 च्या सुमारास रोमन घेतली, 1940 मध्ये रशियन वळणाची सिरिलिक घेतली आणि 1993 च्या कायद्यानं पुन्हा रोमनकडे वळली. जुनं साहित्य बहुतेक सिरिलिकमध्ये आहे, दुकानांच्या पाट्या दोन्हींत. मध्यम पातळीवर दोन्ही यायलाच हव्यात. पंधरा दिवस बसलं की येतात.

पण कवी अलीशेर नवाईंविषयी घाईनं बोलता येणार नाही. 1441 ते 1501 हा त्यांचा काळ, आणि गाव हेरात, आजच्या अफगाणिस्तानातलं. विद्वानांनी फारसीतच लिहावं असा तेव्हा रिवाज होता. नवाई स्वतः उत्तम फारसी लिहीत. तरी 1499 मध्ये त्यांनी तुर्की, म्हणजे उझबेकचं जुनं रूप, आणि फारसी यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला आणि आपली भाषा कुठेच उणी नाही हे दाखवलं. पुरावा म्हणून काय दिलं? शंभर क्रियापदं, ज्यांना फारसीत एका शब्दाचा पर्याय नाही. त्यांत रडण्याचीच कितीतरी. मोठ्यानं रडायचं तर ‘ओकुर्माक’, बारीक आवाजात रडायचं तर ‘इंच्किर्माक’. तो उतारा वाचताना मी वहीच्या उजव्या बाजूला लिहीत गेले: मुसमुसणं, स्फुंदणं, हमसून हमसून रडणं, ओक्साबोक्शी रडणं, भोकाड पसरणं. आपल्या भाषेसाठी असा पुरावा मांडणारा माणूस मला फार जवळचा वाटला.

आता राहिला ‘एकान’. उझबेक गोष्टींची सुरुवात ‘बिर बॉर एकान, बिर योक एकान’ अशी होते. एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही, दुसऱ्याकडून ऐकलं, किंवा आत्ता अचानक ध्यानात आलं, त्या वाक्याला हा शब्द लागतो. ‘केल्दी’ म्हणजे आला, मी पाहिलं. ‘केलगान एकान’ म्हणजे आला म्हणे, आलाय वाटतं. नव्यानं काही उमगलं की तोच शब्द आपल्या ‘की’सारखा वाजतो: अरे, हा तर आलाय की! आमच्या पुस्तकात यावर चार पानं होती. मराठीत ‘म्हणे’ आणि ‘की’ एवढ्यात ते मावलं.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मी पुन्हा चॉर्सूला गेले. जर्दाळूवाला त्याच गाळ्यावर होता. जाताच मी म्हटलं, “हॉर्मांग, आका.” काम करणाऱ्या माणसाला तिथे असंच म्हणतात, थकू नका, दादा. “बॉर बोलिंग,” तो म्हणाला. मग वजन करता करता शेजारच्या बाईंकडे वळून म्हणाला, “हिंदीस्तॉनदान केलगान एकान.” हिंदुस्थानातून आलीय म्हणे.

या वेळी सगळं वाक्य लागलं. “हो, हिंदुस्थानातूनच आलेय,” मी उझबेकमध्ये म्हटलं, “तुमची भाषा शिकावी म्हणून.” त्या बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याला म्हणाल्या, “गापिरार्कान!”

बोलते की!