थेंब थांबवतो तो उजेड, कॅमेरा नाही

पडत्या थेंबांचे माझे फोटो बघून मला कायम एकच प्रश्न येतो, "शटर स्पीड किती ठेवला होता?" आणि मी एक सेकंद म्हटलं की समोरच्याला वाटतं हा काहीतरी लपवतोय. पण खरंच एक सेकंद! खोलीत पूर्ण अंधार करायचा, शटर निवांत उघडं ठेवायचं आणि त्या एका सेकंदात फ्लॅश एकदाच चमकतो, तेवढाच फोटो. बाकी वेळ कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उजेडच पडत नाही, मग शटर उघडं असलं काय नि बंद असलं काय.

आता हा हिशोब बघा, कारण सगळं यावरच आहे. थेंब अर्धा मीटर उंचीवरून सोडला तर पाण्यापर्यंत येताना त्याचा वेग सेकंदाला साधारण 3.1 मीटर होतो. म्हणजे 1/1000 सेकंदात तो 3 मिलिमीटर सरकला, आणि थेंब मुळात असतो चार-पाच मिलिमीटरचा, म्हणजे फोटोत काय येणार, पुसट रेघ. हाच उजेड 1/20000 सेकंद टिकला तर थेंब सरकतो फक्त 0.16 मिलिमीटर, मग त्याची कड सुरीने कापल्यासारखी येते. एवढा छोटा उजेड कुठून आणायचा? तुमच्याकडे कॅमेऱ्यावर लावायचा साधा फ्लॅश असेल ना, तोच. त्याची पॉवर कमी केली की तो मंद होतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं, तो पेटतो तेवढ्याच जोरात, फक्त आतला इलेक्ट्रॉनिक स्विच त्याला मधेच तोडतो. फुल पॉवरला तो 1/1000 सेकंद किंवा त्याहून जास्तच वेळ जळतो, आणि पॉवर 1/64 वर, म्हणजे फुलच्या चौसष्टाव्या भागावर आणली की बऱ्याच मॉडेलमध्ये तो वेळ 1/20000 सेकंदाच्या आसपास जातो. म्हणून नवीन माणूस जी चूक हमखास करतो ती ही, की फोटो काळा आला म्हणून पॉवर वाढवतो आणि मग म्हणतो फोटो हलला. पॉवर वाढवू नका, फ्लॅश जवळ आणा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) 400 करा, नाहीतर दुसरा फ्लॅश लावा, पण दोन्ही 1/64 वरच. (स्टुडिओचे मोठे फ्लॅश यात धरू नका, त्यातले बरेचसे बरोबर उलटे वागतात, पॉवर कमी केली की जास्त वेळ जळतात.)

सामान फार नाही. खोल ट्रे काठोकाठ भरायचा म्हणजे मागची कड फोटोत दिसत नाही, वर सलाईनची नळी बांधायची, तिच्या चाकाने थेंबांचा वेग हवा तसा ठेवता येतो. थेंब जिथे पडतो बरोबर तिथे एक स्क्रू उभा धरून मॅन्युअल फोकस करायचा आणि नंतर त्या रिंगला हात लावायचा नाही. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 11 च्या खालच्या आकड्यावर नको, कारण एवढ्या जवळून शार्प पट्टा काही मिलिमीटरचाच मिळतो. फ्लॅशवर प्लास्टिकची पिशवी चढवा, आणि तो उघडून बघायच्या भानगडीत अजिबात पडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास साठलेले असतात, बंद केला तरी.

आता खरी मजा, टायमिंग. थेंब दिसला की दाबू म्हणाल तर जमणार नाही, बघून बोट हलायला माणसाला साधारण 1/5 सेकंद लागतो, तोवर थेंब आदळल्यावर कडेने उडणारा पाण्याचा मुकुट उठून मोडलेला असतो. म्हणून सुरुवातीला कानाने करायचं, टप... टप... टप, ती लय अंगात भिनू द्यायची आणि शटर उघडल्यावर हातातला फ्लॅश लयीवर मारायचा. शंभरात दोन-तीन मिळाले तरी मी खूश असायचो.

नंतर मी थेंब ओळखणारा सेन्सर बनवला. नळीच्या तोंडाखाली 5 सेंटिमीटरवर लेझरचा किरण आडवा, थेंबाने तो तोडला की आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारं छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड) वेळ मोजायला लागतो. अर्ध्या मीटरच्या उंचीला तिथून पाण्यापर्यंत 218 मिलिसेकंद लागतात, मग 220, 225, 230 असं पाच-पाचने पुढे जायचं आणि आधी मुकुट, मग खड्डा, मग त्या खड्ड्यातून वर उसळणारा खांब, असं सगळं पायरीपायरीने उलगडत जातं. सेन्सरने फ्लॅश उडवायचा, कॅमेरा नाही, कॅमेऱ्याला स्वतःला जागं व्हायला वेळ लागतो. आणि यातला प्रत्येक फोटो वेगळ्या थेंबाचा असतो हे विसरू नका.

हीच युक्ती आर्थर वर्दिंग्टन या इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात वापरली, कॅमेरा न वापरता! अंधारात विजेची ठिणगी, त्या क्षणी डोळ्यात जे उमटेल ते कागदावर, मग ठिणगी किंचित उशिरा, पुढचा थेंब, पुढचं चित्र. वर्षानुवर्षं त्याची चित्रं अगदी गोल, सगळीकडून सारखी. 1894 मध्ये त्याला फोटो मिळाले आणि मुकुट वाकडेतिकडे निघाले. मग त्याने जुन्या वह्या काढल्या तर वाकडे शिंतोडे तिथेही होते, त्यानेच ते अपवाद समजून बाजूला ठेवले होते आणि नेटके तेवढे निवडले होते. हे मला फार आवडतं, कारण तो ते उघडपणे सांगतो. फ्लॅशने वेगवान गोष्टी टिपणाऱ्या हॅरॉल्ड एजर्टननी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात 1957 मध्ये काढलेला दुधाच्या मुकुटाचा रंगीत फोटो तुम्ही पाहिलाच असेल, तोही नीट बघा, टोकं काही अगदी सारखी नाहीत. म्हणून माझी कळकळीची विनंती, वाकडे फोटो डिलीट करू नका. पाण्याची कड ताणली गेली की पृष्ठताण तिला मण्यांमध्ये तोडतो, आणि ती कुठे तुटेल हे आधीच्या बारीक थरथरीवर ठरतं, ते दरवेळी वेगळं असतं.

मुकुट हवा असेल तर ताटलीत दुधाचा पातळ थर, खांब हवा असेल तर खोल पाणी. दूध उजेड पसरवतं म्हणून आकार दिसतो, पाण्याला मात्र फ्लॅश मागून, ट्रेसिंग पेपरमधून द्या. छत्रीसारखा पसरलेला आकार करायचा तर पहिल्या थेंबाचा खांब उभा असतानाच दुसरा थेंब त्याच्या डोक्यावर आदळायला हवा, दोघांत 50 ते 100 मिलिसेकंदाचं अंतर, ते सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेने उघडझाप करणारी झडप, याशिवाय मला तरी जमलं नाही. त्या पाण्यात चिमूटभर झँथन गम (पाणी दाट करणारी पावडर) घालून रात्रभर ठेवा आणि गाळून घ्या, छत्रीचा पडदा फाटायला वेळ लागतो.

चला, आता दिवे घालवा, मागच्या दाराजवळचा पण. नळी मी चालू केलीय. कोणी लगेच काही दाबू नका, आधी पाच-सहा थेंब नुसते ऐका.